तेरापेक्षा अकरा मोठे कसे?

वीस फेकींपैकी तेरा झेलल्या गेल्या, तरी शाल्मली मागे. वीसपैकी अकराच झेलल्या गेल्या, तरी ओजस पुढे. असलं गणित कुठल्या शाळेत शिकवतात, सांगा बरं?

चंद्रावरच्या वसाहतीत, मोठ्या काचघुमटाखाली मुलं अमेरिकन फुटबॉल खेळत. उद्या शेजारच्या वसाहतीशी अंतिम सामना होता. क्वार्टरबॅक (आपल्या गड्यांकडे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) म्हणून पारखी या यंत्रमानवाने ओजस चिटणीसचं नाव सुचवलं होतं. याच एका जागेसाठी शाल्मलीने दोन वर्षं घाम गाळला होता. आणि ओजस रोज पारखीची चाकं पुसून देतो, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दाल में काला म्हणतात ते हेच, असं तिने मनाशी पक्कं केलं.

ती तडक कुंदाआत्याच्या प्रयोगशाळेत शिरली. आत्या संघाची प्रशिक्षक, आणि पारखीला घडवणारीही तीच.

"आत्या, तुझा पारखी ओजसला सामील आहे."

"असेल बाई. त्यालाच विचार की," आत्या चहा ओतत म्हणाली.

पारखीला राग येत नसे. "नुसते झेल मोजले तर फसगत होते," तो म्हणाला. "जवळची फेक सोपी, लांबची अवघड. म्हणून मी जुन्या हजारो फेकी पाहून अपेक्षित झेल (तशा फेकींपैकी साधारण किती झेलल्या जातात तो आकडा) काढतो. तू वीस जवळच्या फेकी केल्यास. पंधरा अपेक्षित होते, तुझे तेरा. दोन कमी. ओजसच्या वीस लांबच्या. आठ अपेक्षित, झाले अकरा. तीन जास्त."

बोलणं पटण्यासारखं होतं, म्हणूनच ते तिला अधिक खटकलं.

"या जुन्या फेकी कुणाच्या?"

"पृथ्वीवरच्या सामन्यांतल्या."

आत्याचा कप हातातच राहिला.

"पण तिथे लांबचा चेंडू लवकर खाली येतो," शाल्मली सावकाश म्हणाली, "म्हणून उंच कमानीत फेकावा लागतो. इथे ओढ सहापट कमी, सरळ नेम धरला की झालं. उलट जवळचा चेंडू घ्यायला चटकन वळावं लागतं, आणि इथे पाय जमीन धरतच नाहीत."

"सहा वर्षं इथे राहते मी," आत्या कपाळाला हात लावत म्हणाली. "आपली मंडळी सगळं पृथ्वीवरून तयार आणतात. मी आकडेही तसेच आणले."

मग तिघांनी घुमटातल्या दोन वर्षांच्या सहाशे फेकी चाळून नवा तक्ता केला. इथे जवळच्या काय आणि लांबच्या काय, विसात बाराच झेलल्या जात होत्या. म्हणजे शाल्मली एकने वर, ओजस एकने खाली.

"घे, जागा तुझी," आत्या म्हणाली.

शाल्मलीला आनंद झाला, खूप झाला. पण तो टिकेना.

"माझा शेवटचा चेंडू झेलणाऱ्या नीराच्या हातून निसटता निसटता राहिला. निसटला असता तर?"

"तर तू शून्यावर," आत्या म्हणाली. "आणि ओजसचा एक वाढला असता, तर तोही शून्यावर. वीस फेकी फार थोड्या गं. एवढ्यात नशीबही खपून जातं. आता काय करायचं, तूच ठरव."

शाल्मलीने ओजसला बोलावणं धाडलं.

"जागा तुला मिळाली म्हणे. मग मला कशाला बोलावलंस?" त्याने संशयाने विचारलं.

"माझाच माझ्या आकड्यावर विश्वास नाही. शंभर तुझ्या, शंभर माझ्या. जवळच्या-लांबच्या निम्म्या निम्म्या."

संध्याकाळी पारखीने आकडे वाचले. अपेक्षित साठ. शाल्मलीचे एकसष्ट, ओजसचे सदुसष्ट.

तिने चेंडू ओजसच्या हातात दिला. वाईट वाटत होतं, पण संशय उरला नव्हता.

"तक्त्यात आता आठशे फेकी झाल्या," आत्या म्हणाली. "चंद्राचा स्वतःचा पहिलाच तक्ता. पुढच्या वर्षी मंगळावरची मुलंही त्यांचा करतील."

"त्यांना आधीच कळवून ठेव," शाल्मली म्हणाली, "आमचा तक्ता जसाच्या तसा उचलू नका म्हणावं."