तळव्यातली गाठ आणि हिरवा आलेख

वनरक्षक वनिता कुळमेथे हिने बुटात पाय घातला आणि खिशातल्या फोनने रोजच्यासारखी गोड बातमी दिली, "अभिनंदन! तुमची गाठ आणखी लहान झाली आहे."

"तुझ्या तोंडात माती!" ती फोनवर खेकसली. पाऊल टेकताच तळव्यात खडा रुतावा तशी कळ गेली होती.

दोन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या पायातली तंतुगाठ काढली होती. तळव्याच्या कमानीत कातडीखाली चिवट पडदा असतो, त्याचेच तंतू वाढून ही गाठ होते. कर्करोग नव्हे, जिवाला धोका नाही. पण काढली तरी पुन्हा उगवायची खोड तिला असते. म्हणून पूर्वी डॉक्टर दर काही महिन्यांनी अशा रुग्णांचा पाय हातात घेऊन बघत. आता ते काम तळपट्टीकडे होतं. बुटात घालायची ही पातळ पट्टी प्रत्येक पावलाचा दाब मोजायची, त्यावरून गाठीचा आकार ठरवून रुग्णालयाला कळवायची. आलेख हिरवा असला की भेटीची वेळच मिळत नसे. वनिताने तीनदा मागितली, तीनदा नकार आला. वर तोच आलेख बघून वनखात्यातल्या साहेबांनी तिला पुन्हा चौदा किलोमीटरची पायी गस्त लावली. का, तर पाय बरा होतोय!

त्या सोमवारी ती गस्तीवर गेलीच नाही. एसटीने थेट रुग्णालय गाठून ती डॉ. मोहोडांच्या खोलीत शिरली.

"तुमचा आलेख तर उत्तम आहे, ताई," पडद्यावरून नजर न काढता ते म्हणाले. "दाब निम्म्यावर आलाय. गाठ विरतेय."

वनिताने बूट काढला, मोजा काढला आणि पाय सरळ त्यांच्या टेबलावर ठेवला.

"हे काय चालवलंय?"

"दोन वर्षांत या पायाला एकाही डॉक्टरचा हात लागला नाही जी. अंगठा लावा इथं!"

त्यांनी नाइलाजाने दाबलं. ती कळवळली. अंगठ्याखाली एक नव्हे, तीन गाठी लागल्या.

"मग दाब कमी कसा?" ते पुटपुटले.

"दुखतं म्हणून तिथं पाय टेकतच नाही मी! वर्षभर पावलाच्या कडेवर चालतेय. गुडघा गेला त्यात. यंत्राला नाही कळलं, पण मी दारातून आत आले, तेव्हा तुम्ही तरी बघितलं?"

मोहोड हळूच म्हणाले, "सुरुवातीलाच कळलं असतं तर किरणोपचारांनी थोपवता आली असती. आता..."

"आता काय?"

"पुन्हा शस्त्रक्रिया," म्हणत ते पडद्याकडे वळले. पडद्यावर तिच्या नावाखाली आणखी नावं होती, सगळी हिरवी.

"हे कोण?"

"तंतुगाठीचेच रुग्ण. दोनशे बारा."

"लावा फोन. माझ्यासमोर."

मोहोडांनी पहिला क्रमांक लावला. पाय कसा आहे, असं विचारताच पलीकडून एक म्हातारा आवाज चाचरत म्हणाला, "दुखतो तर खूप. पण पट्टी म्हणते बरा आहे. मग माझंच काही चुकतंय का, साहेब?"