शेवटची तारीख नसलेलं पत्र

चौतीस वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला मी उत्तर दिलं नाही. पत्र लांबलचक नव्हतं. एक पाठकोरा कागद, आणि त्यावर नकाशांवर असतात तशी सरळ, एकाच उंचीची अक्षरं :

‘सहायक,
मला तुमच्याबरोबर राहायचं आहे. लग्न करून. कारणं :
१. तुम्ही हळू बोलता.
२. पुस्तक देताना तुम्ही ते टेबलावर ठेवता, हातात देत नाही.
३. तुम्ही रोज माझ्या टेबलावरच्या ट्यूबचा स्टार्टर काढता. मला माहीत आहे.
उत्तर हो किंवा नाही असं लिहून कळवा. सूचक बोललेलं मला समजत नाही.’

खाली बारीक सही. बस्, इतकंच.

प्रेमाची गोष्ट सांगायला मी काही योग्य माणूस नव्हे. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या गोष्टी कपाटात लावल्या, स्वतःची मात्र धड कुठल्याच खान्यात बसली नाही. तरी सांगतो.

मी तेव्हा सार्वजनिक वाचनालयात होतो. एके दिवशी दुपारी चारच्या सुमाराला वीज गेली. बाहेर पाऊस, आत अंधारलेलं. वाचनकक्षात सगळ्यांनी एकदम ‘अरे!’ केलं. फक्त खिडकीजवळच्या टेबलावर कुणीतरी ‘आहा…’ म्हणालं. इतकं मनापासून, की मी बघायलाच गेलो.

समोर मोठा नकाशासंग्रह उघडा होता, आणि त्यावर वाकलेली एक तरुणी. कानांवरचे हात ती नुकतीच खाली घेत होती.

“मेणबत्ती आणू का?” मी विचारलं.

“नको. आत्ता कुठे दिसायला लागलंय.”

“अंधारात?”

“खिडकीतून पुरेसा उजेड आहे. वीज आली की ती पुन्हा ओरडेल.”

“कोण?”

“ती ट्यूब. तुम्हाला ऐकू येत नाही?”

मी कान देऊन ऐकलं. “नाही… म्हणजे, असेल.”

“असेल नाही. आहे.” तिची नजर माझ्या खांद्याच्या पलीकडे, कपाटावर कुठेतरी होती. “तुम्ही ग्रंथपाल?”

“सहायक ग्रंथपाल,” मी म्हणालो. खोटा मान मला सोसत नाही. खराही सोसत नाही, पण ते पुढे येईलच.

त्या दिवसापासून तिच्यासाठी मी ‘सहायक’ झालो. ती पाणीपुरवठा खात्यात जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढायची. वाचनालयातले लोक तिला ‘नकाशेवाली’ म्हणत, आणि पाठीमागे आणखी काय काय. विक्षिप्त. आढ्यतेखोर. तोंडावर बोलणारी, पण तोंडाकडे न बघणारी. तिला सवय झाली होती त्याची, असं मला वाटायचं. अशा गोष्टींची सवय होत नसते, हे मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवसापासून, दिवे लावायच्या आधी मी स्टुलावर चढून त्या एका ट्यूबचा स्टार्टर काढून खिशात टाकू लागलो. ट्यूब पेटायची नाही. ती यायची, वर बघायची, बसायची. मी काऊंटरवर उगाचच तारखेचा शिक्का पुसत राहायचो. माझ्या छातीत काय चाललेलं असायचं, ते तिला ऐकू येत नसावं अशी आशा होती.

परत बसवायला विसरलो आणि तक्रार झाली, की वायरमन नवा स्टार्टर बसवून जायचा. “हा स्टार्टरचोर एकदा सापडू दे,” तो म्हणायचा, “त्यालाच लटकवतो इथे!” मी मुकाट्याने त्याचं स्टूल धरून उभा राहायचो. माझ्या खणात पाच स्टार्टर जमले.

मग कधीतरी आम्ही बरोबर निघू लागलो. वाचनालयापासून कोपऱ्यापर्यंत, जेमतेम दहा मिनिटं.

“आपण आत्ता बारा इंची नळावरून चाललोय,” ती म्हणायची.

“आणि कोपऱ्यावर?”

“तिथे दुसरा नळ येऊन मिळतो.”

“मिळतो?…” मी धीर गोळा केला. “मग आपण तिथे जरा थांबू या?”

“कशाला? सांध्यावर गळती आहे. गुरुवारी माणूस येणार आहे दुरुस्तीला.”

मी हसलो. तीही हसली, पण अर्ध्या रस्त्यानंतर. माझं हसू तपासून झाल्यावर.

“तुम्ही बोलताना माझ्याकडे बघत नाही,” मी एकदा म्हणालो.

“बघितलं की ऐकू येत नाही. दोन्ही एकदम जमत नाही मला. काय करू? बघू की ऐकू?”

“…ऐका.”

“मग बोला.”

आणि अर्थातच मला एक शब्द सुचला नाही. कोपरा आला.

“सहायक, तुम्ही मूग गिळलेत,” ती गंभीरपणे म्हणाली. “आमच्या ऑफिसात असं म्हणतात. मी विचारून ठेवलाय अर्थ.”

पत्र तिनं परत आणलेल्या नकाशासंग्रहावर ठेवून दिलं. देताना नजर कपाटावर, चेहरा नेहमीचा. थरथर नाही, लाज नाही. पुस्तकांतून मी जे प्रेम शिकलो होतो, त्यात थरथर फार असे.

घरी ते मी ताईला दाखवलं. ताई माझी थोरली बहीण. आईनंतर तिनंच मला वाढवलं. तेव्हा तिच्या लहान मुलीला घेऊन ती माझ्याकडेच राहत होती.

“अरे, हे पत्र आहे की नोकरीचा अर्ज?” ताई हसून हसून खाली बसली. “एक, दोन, तीन! मुलगी तुझ्याकडे मान वर करून बघतसुद्धा नाही म्हणतोस, आणि थेट लग्न? कुणीतरी तुझी थट्टा करतंय, बाळा.”

दोष ताईचा नव्हे. मला कुणी थट्टेसाठी निवडलं असेल हे मला लगेच पटलं. कुणी प्रेमासाठी निवडलं असेल हे पटेना.

तरी मी उत्तर लिहायला बसलो. सतरा मसुदे केले. प्रत्येकात चंद्र आला, नदी आली, ‘हो’ तेवढं आलं नाही. शेवटी मला एक नाजूक, सुसंस्कृत युक्ती सुचली. नकाशासंग्रहात, नद्यांच्या पानावर, मी एक पिवळं फूल ठेवलं.

ती तडक काऊंटरवर आली. “सहायक, पुस्तकात फूल निघालं. पानावर डाग पडलाय.” तिनं माझ्या डोक्यावरच्या पाटीकडे बोट केलं. ‘पुस्तकांत फुले, पाने, कागद ठेवू नयेत.’ पाटी माझ्याच अक्षरातली. मग तिनं ते फूल कचऱ्याच्या टोपलीत टाकलं.

मी समजलो… हेच तिचं उत्तर. माझ्या उत्तराला तिचं उत्तर.

त्यानंतर चार दिवस ती रोज काऊंटरवर यायची.

“उत्तर?”

“बघू,” मी म्हणायचो.

“बघू म्हणजे हो की नाही?”

“बघू म्हणजे… बघू या ना.”

“कधी?”

आमचे साहेब चष्म्यावरून बघू लागले. मी एकाच पुस्तकावर तारखेचा शिक्का दोनदा मारला. पाचव्या दिवशी ती आली नाही. टपालानं तिचं सभासदपत्र परत आलं. सभासदत्व रद्द करण्याच्या कारणासमोर लिहिलं होतं : ‘बदली. उत्तर खालील पत्त्यावर पाठवावे.’

पत्ता होता माझ्याजवळ. चौतीस वर्षं होता. हे लिहिताना आजही मान वर होत नाही.

आता मुंगीविषयी सांगतो, कारण ती नसती तर ही गोष्ट इथेच संपली असती.

मुंगी माझ्या भाचीची मुलगी. सहा वर्षांची. फरशीच्या रेघेवरून पाय जराही ढळू न देता सबंध घर पार करते, म्हणून मुंगी. ती चार वर्षांची झाली तरी बोलेना. मिक्सर लावला की टेबलाखाली जाऊन किंचाळायची. ताई म्हणायची, “लाडावलीय.” शेजारी म्हणायचे, “दोन धपाटे घाला.” भाचीनं बाहेर जाणं बंद केलं, मग लोकांना घरी बोलावणं बंद केलं. एके दिवशी ती तपासणीहून परतली आणि म्हणाली, “मामा, ऑटिझम आहे. आजार नाही म्हणाल्या डॉक्टर. तिचं जगणंच वेगळ्या घडणीचं आहे, आपण शिकायचं.” आणि रडली. मुंगीपायी नाही. “मी दोन वर्षं तिला रागावत होते, मामा. तिला दुखत होतं, आणि मी रागावत होते.”

मी टेबलाखाली मुंगीशेजारी जाऊन बसलो होतो. तिचे दोन्ही हात कानांवर होते. ते हात मी ओळखले.

वाचनालयानं मला निवृत्तीनंतरही किल्ली वापरू दिली होती. मुंगीसारख्या मुलांसाठी मी रविवारची सकाळ मागून घेतली. आधी तीन कुटुंबं आली, वर्षभरात एकोणीस झाली. दिवे बंद, खिडक्या उघड्या. दारातच फळा : आधी काय होणार, मग काय होणार, घरी कधी जायचं. दोन पालक सगळ्या मुलांकडे बघायचे, तेवढा वेळ बाकीचे पालक चक्क गरम चहा गरम असतानाच प्यायचे. एक आई म्हणाली, “सहा वर्षांनी पहिल्यांदा!” लोक टाळ्या वाजवणार होते, पण तिथे आम्ही टाळ्या वाजवत नाही, हात हवेत हलवतो. ताईसुद्धा यायला लागली. नव्या आज्यांना ती दारातच गाठायची, “माझ्यासारखं करू नका हो. आधी ऐकून घ्या.”

गेल्या महिन्यात भाचीनं एका पाहुण्या बाईंना बोलावलं. स्वतःला ऑटिझम असल्याचं मोठेपणी कळलेल्या, आता पालकांशी बोलणाऱ्या. मी खुर्च्या लावत होतो. मागून आवाज आला.

“सहायक. दिवे बंद आहेत.”

केस पांढरे. गळ्यात आवाज अडवणारे मोठे हेडफोन. नजर माझ्या खांद्याच्या पलीकडे, त्याच कपाटावर.

ती उभी राहून बोलली, फळ्यावर मुद्दे लिहून. “मला बावन्नाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत मी स्वतःला वाईट माणूस समजत होते. काही लोक याला स्वमग्नता म्हणतात. मी कधीच स्वतःत मग्न नव्हते. मला सगळ्यांचं सगळं जरा जास्तच ऐकू यायचं. मुलांना प्रश्न विचारू द्या. आणि विचारलं की उत्तर द्या. ‘नाही’ चालेल. गप्प बसलेलं चालत नाही. गप्प बसलं की आम्ही आमचं काय चुकलं ते शोधत राहतो. मी पुष्कळ वर्षं शोधलं.”

एकोणीस कुटुंबांनी हात हवेत हलवले. माझे हलले नाहीत.

नंतर ती खिडकीजवळच्या टेबलावर बसली. मी चहा टेबलावर ठेवला, हातात दिला नाही.

“मी… तेव्हा उत्तर दिलं होतं,” मी म्हणालो. “ते फूल…”

तिनं कप बाजूला सरकवला. “ते उत्तर होतं?”

“हो.”

“मग आधी पाटी काढायची.”

मला हसू आलं. “काय लिहायचं होतं मला, ते तेव्हा…”

“बोलू नका. तुम्हाला बोलता येत नाही. लिहा.”

“आता? चौतीस वर्षं झाली. फार उशीर…”

“पत्रावर शेवटची तारीख नव्हती. मी माझी प्रत तपासली आहे. चूक माझी, तारीख घालायला हवी होती. दुसऱ्या कुणाला लिहिलं असतं तर घातली असती. पण त्यानंतर मी कुणालाच लिहिलं नाही.” हे तिनं नळाचा व्यास सांगावा तसं सांगितलं. तिनं रागानं सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. “पत्ता तोच आहे. फक्त आता माझ्याकडे एकच खुर्ची आहे. ते लक्षात घ्या. आणि मला एकटं राहायची सवय झालीय, तेही.”

ती निघाली, तेव्हा मुंगी रेघेवरून चालत तिच्यापर्यंत गेली आणि थांबली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. दोघी एकाच रेघेवर दारापर्यंत चालत गेल्या.

घरी ताईला सगळं सांगितलं. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “बैल गेला नि झोपा केला आपण दोघांनी. मी हसले होते रे तेव्हा.” आणि थोड्या वेळानं, “पण ह्या वेळी चंद्रबिंद्र घालू नकोस. सरळ लिही.”

तरी तीन आठवडे गेले. माझा स्वभाव सत्तराव्या वर्षी बदलेल, असं मला वाटत नाही. पण काल सकाळी मी बसलो, आणि एकाच बैठकीत लिहिलं :

‘उत्तर : हो. तेव्हाही हो होतं. ते मी लिहिलं नाही, ही माझी चूक. तुमचं काहीही चुकलं नव्हतं.
कारणं :
१. तुम्ही मला काय म्हणायचंय ते ऐकायला थांबत होतात.
२. वीज गेल्यावर तुम्ही “आहा” म्हणालात.
३. ते पाच स्टार्टर अजून माझ्या खणात आहेत.
आता तुमचं उत्तर “नाही” असेल तर तसं लिहा. मला ते चालेल.
“हो” असेल तर खुर्ची मी घेऊन येईन.’

खाली तारीख घातली. मुंगीचा हात धरून वाचनालयापासून त्या कोपऱ्यापर्यंत गेलो, बारा इंची नळावरून. टपालपेटीपाशी पोचल्यावर माझा हात नेहमीप्रमाणे अर्ध्यात थांबला. मुंगीनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं पेटीच्या पत्र्याला कान लावला आणि ती वाट बघू लागली.

तिला ऐकायचं होतं. मी पत्र सोडलं.