उभा आहे, ताई

दिवसाढवळ्या भूत पाहिलं म्हणणाऱ्याला लोक वेड्यात काढतात, हे मला ठाऊक आहे. मी तर पाहिलंही नाही, नुसतं ऐकलं. तेही भर दुपारी, पंख्याखाली, समोर चहाचा कप असताना. आता वेळ निवडणं काही माझ्या हातात नव्हतं.

मी रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये काम करते. रक्ताशी माझा संबंध नाही, मी गाड्या हलवते. आमच्या छोट्या व्हॅन दवाखान्यादवाखान्यांतून नमुने गोळा करत फिरतात आणि कुणी कुठे जायचं ते मी फोनवरून सांगते. मागच्या बाजूची बिनखिडकीची खोली, स्पिरिटचा वास आणि दिवसभर कानाला हेडफोन. त्यातली एक व्हॅन माझा धाकटा भाऊ चालवतो. तोंडाला खीळ नाही म्हणून लहानपणापासून सगळे त्याला पोपट म्हणतात. त्याला नोकरीला मीच लावलं, त्यामुळे त्याचं बरंवाईट माझ्याच डोक्यावर. आई रोज विचारते, "नीट चालवतो ना गं?" आणि मी रोज हो म्हणते.

गाडी चालवताना हातात फोन दिसला की दंड, असा कायदा कडक झाला, तेव्हा सगळ्या व्हॅनमध्ये हँड्सफ्री बसले. कंपनीचा फोन डॅशबोर्डवर पक्का आणि ड्रायव्हरच्या डोक्याशी एवढासा माईक. आमचे साहेब तसे कंजूष, पण त्या दिवशी शहाण्यासारखं बोलले. म्हणाले, "हात मोकळे झाले म्हणून डोकं मोकळं होत नाही. फोन लागला की आधी विचारायचं, उभा आहेस का? चालू असेल तर ठेवून द्यायचा."

मी विचारायची. ड्रायव्हर मंडळी एका सुरात खोटं बोलायची. "उभा आहे, ताई!" गाड्या बॅटरीच्या, इंजिनाची घरघर नाही. खरं काय ते देव जाणे.

मग एक दिवस मी पोपटला फोन लावला.

"उभा आहेस का?"

"उभा आहे, ताई. बोल."

आणि त्याच्या बोलण्याला चिकटूनच, अगदी हळू, दुसरं कुणीतरी म्हणालं, "नाही... गाडी चालतेय."

मला हसू आलं. म्हटलं, बरा सापडलास चोरा! "शेजारी कुणाला बसवलंस रे? तुझी चहाडी करतोय तो."

"शेजारी? शेजारी नळ्यांचा डबा आहे. तुला काय झालंय?"

थट्टा करतोय असं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तो खरंच थांबलेला असला की काही ऐकू यायचं नाही. तो खोटं बोलला, की लगेच ते कुजबुजणं. बाईचं नाही, पुरुषाचं नाही. सर्दीने घसा बसलेल्या माणसासारखं.

आमच्या गाड्या दुरुस्त करणारे मिस्त्री मोजकं बोलणारे. हँड्सफ्री त्यांनीच बसवले होते. मी त्यांना विचारलं, "शेजारच्या सीटवरचा आवाज येऊ शकतो का हो माईकमध्ये?"

"नाही येत. तो माईक एकाच जागेचा आवाज उचलतो. ड्रायव्हरच्या."

"म्हणजे दुसरा आवाज आला तर?"

मिस्त्री हात पुसायचे थांबले. "तर तोही ड्रायव्हरच्याच जागेवर बसलेला असणार. पण तिथे दोघं मावतील कसे, ताई?"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तरी सांगते, भीतीपेक्षा मला राग जास्त आला होता, पोपटचा. भूत असो की बिघाड, ते खरं बोलत होतं आणि माझा सख्खा भाऊ खोटं. पुढे पुढे तर मी त्या आवाजाची वाटच पाहायला लागले. तो आला की फोन ठेवून द्यायची. फक्त एक गोष्ट मला आवडत नव्हती. त्या आवाजाचा बसका घसा रोज थोडा थोडा सुटत होता. माझ्या ओळखीचा होत चालला होता.

शेवटी एका संध्याकाळी घरी मी पोपटला धरलं. सगळं सांगितलं. तो आधी खो खो हसला. मग माझा चेहरा पाहून त्याने हातातला घास ताटात ठेवला.

"माझी शपथ घे," मी म्हटलं. "यापुढे फोन गाडी थांबवूनच. थांबवायची, खाली उतरायचं आणि तुझ्या खिशातल्या फोनवरून मला उलटा फोन करायचा. त्या यंत्राशी बोलायचंच नाही."

"घेतली. बास? आता जेवू दे."

आणि पोपटने शपथ पाळली, हे विशेष. आवाज बंद झाला. मी डॅशबोर्डवरच्या फोनवर नुसती रिंग द्यायची, की दोन मिनिटांत त्याचा फोन. मला वाटलं, सुटलो आपण.

त्या दुपारी आभाळ भरून आलं होतं. लहान मुलांच्या दवाखान्यातून तातडीचा निरोप आला. साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "पोपट जवळ आहे. लाव." मी रिंग दिली. रिंग वाजली आणि... फोन उचलला गेला.

शपथ मोडली मेल्याने! तरी सवयीने विचारलं, "उभा आहेस का?"

"उभा आहे, ताई."

पोपटचाच आवाज. मी थांबले. दुसरं कुणी बोलतंय का, कान देऊन ऐकलं. काही नाही. जीव भांड्यात पडला. मी पत्ता सांगायला लागले. पुलावरून खाली, डावीकडे, दवाखान्याचं मागचं दार.

"हं," तो म्हणाला.

एवढंच. मधे एक विनोद नाही, एक फाटा नाही. पोपट इतकं मुकाट्याने कधी ऐकतो?

तेवढ्यात टेबलावरचा माझा मोबाईल थरथरला. त्यावर नाव होतं, पोपट. साहेबांनीच तो उचलून स्पीकरवर टाकला.

"ताई! ताई, माझी गाडी गेली! मी उतरलो होतो गं, तुला फोन लावायलाच... चावी माझ्या हातात आहे आणि गाडी चाललीय! ताई, आत कुणीतरी आहे!" तो धावत होता, धापा टाकत होता.

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मी हेडफोनला हात लावला. माझ्या कानात पोपट शांतपणे म्हणाला, "हं, ताई. पुढे सांग."

मला ओरडता येईना.

"ताई... सांग ना. डावीकडे, मग?"

मग काच फुटल्याचा आवाज आला. तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही.

पुलाच्या कठड्यावर आपटून व्हॅनचा पुढचा भाग चेपला होता. कुणालाही लागलं नव्हतं, हे आमचं नशीब. पोपटला मी रस्त्याच्या कडेला मिठी मारली तेव्हा तो आमचा होता, जिवंत होता. शपथ मोडून तो आत बसून राहिला असता तर... हे वाक्य मी आजवर आईपुढे पूर्ण केलेलं नाही. कंपनीने लिहून टाकलं, उतारावर ब्रेक सुटला. साहेबांनीही त्यावर सही केली. आपण दोन्ही कानांनी काय ऐकलं, ते त्यांनी कुठे सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पोपट आता लॅबच्या आत, नळ्यांवर चिठ्ठ्या लावतो. फोनवर त्याचा आवाज आला की मी ठेवून देते. तो समजून घेतो बिचारा.

महिनाभराने मिस्त्री माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. आत काही येईनात.

"ताई, ती गाडी मी उघडली होती. पोपट केवढा उंच, त्याची सीट कायम मागे. ती पार पुढे, स्टिअरिंगला टेकलेली होती."

"धक्क्याने सरकली असेल," मी म्हटलं.

"मीही तेच म्हटलं स्वतःला." त्यांनी मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पण सीटबेल्ट लावलेला होता, ताई. घट्ट ताणून अडकला होता, मला कापून काढावा लागला. तो काही धक्क्याने लागत नाही."