माश्यांचा आठवडा

ईरी सरोवरातल्या त्या बेटावर जूनमध्ये माश्यांचा आठवडा आला, की कुणी दिवा लावत नाही. दीपगृहसुद्धा अंधारात बसतं. पाण्यातून लाखोंनी निघणाऱ्या त्या लांबशेपट्या माश्या उजेडावर तुटून पडतात आणि सकाळी अंगणातून फावड्याने ओढाव्या लागतात. बर्निसचा सगळा जन्म बेटावर गेला, तरी सडक्या मासळीसारखा तो वास तिला कधीच सोसला नाही.

उद्या फेरीबोटीने पर्यटक येणार होते. दीपगृहाखालची पायवाट तिने आणि तिच्या धाकट्या भावाने, ड्वेनने, दिवसभर झाडून काढली. दिवस मावळताना दोघं वाटेच्या टोकाशी असलेल्या गुहेपाशी आले आणि थांबले. मेलेल्या माश्यांचा लगदा गुहेच्या तोंडातून बाहेर आला होता, चांगला घोट्याएवढा.

"उजेड सोडून अंधारात कशाला मरायला गेल्या या?" बर्निस नाकाला रुमाल लावत म्हणाली.

"बघून येतो. तू ओकू नकोस हं, नाहीतर तेही मलाच झाडावं लागेल."

आधारासाठी गुहेच्या भिंतीवर ठोकलेली साखळी धरून तो आत शिरला. पायांखालची चरचर लांब गेली आणि थांबली.

"ड्वेन?"

"इथेच आहे."

आवाज डावीकडून आला. डावीकडे नुसता खडक होता.

"ये बघू बाहेर. पुरे झालं."

"वाट दिसत नाहीये गं." आता आवाज खूप खालून आला.

बेटाचा नियम तिला पाठ होता. माश्यांच्या दिवसांत कुणी गुहेत अडकलं, तर हाका मारायच्या, साखळी वाजवायची. उजेड करायचा नाही. पण भाऊ हरवतोय म्हटल्यावर कसला नियम? तिने खिशातली टॉर्च पेटवली.

लगदा हलला.

मग तो आला. डोक्यापासून पायांपर्यंत माश्यांनी माखलेला, डोळेसुद्धा दिसत नव्हते. बर्निसचा जीव भांड्यात पडला.

"शी! काय अवतार केलायस!"

ती त्याचा खांदा झाडू लागली. ओले पंख नखांत शिरले, किळसेने तिच्या अंगावर काटा आला. एक थर पडला. त्याखाली दुसरा.

तिचा हात कोपरापर्यंत आत गेला.

शर्ट लागला नाही.

"थांबू नकोस गं," ड्वेनच्या आवाजात ते म्हणालं. "अजून जोरात झाड."