ट्रकात गेलेली पिरेस

सांगते, सेजल, पण तू विश्वास ठेवणार नाहीस. कुणीच ठेवत नाही. कापडाच्या एका गोल तुकड्याने खनिजाने भरलेला ट्रक अडवला, असं सांगितलं की तुझी आईसुद्धा तोंडावर पदर धरते. हस, हस. पण हात थांबवू नकोस, ती पाकळी नीट दुमड.

गोव्याचं राज्य झालं, त्याच्या आधीची थंडी. डिचोलीच्या रस्त्याने दिवसभर ट्रकच ट्रक. धूळ एवढी, की आमच्या कोंबड्या तांबडी अंडी घालायच्या! आईचं चहाचं दुकान रस्त्याला लागून, आणि मी दारात बसून अशीच गोधडी शिवायची. पिरेस उपडी ठेवायची — बशी गं, चहाची — भोवती पेन्सिल फिरवून गोल कापायचा. आत जुन्या लुगड्याचा चौकोन, आणि चारी बाजूंनी कडा आत दुमडून चार पाकळ्या. तू आता करतेयस तस्संच.

एके दिवशी वारा सुटला नि माझे गोल रस्त्यावर उडाले. एक पिवळा गोल थेट एका ट्रकच्या काचेवर चिकटला, ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर. करकचून ब्रेक! धूळ बसली तेव्हा ट्रक आमच्या दारात, आणि खाली उतरलेला माणूस डोक्यापासून पायापर्यंत तांबडा. दात तेवढे पांढरे.

"ह्या तुझां काय गो?" हातात पिवळा गोल.

"माझंच. द्या इकडे."

"वाटोळ्याचो चौकोन करतंस? कसो तो?"

"चारी बाजूंनी दुमडायचं. मग कुणीही सरळ होतं."

"मगे माका पण दुमड," म्हणाला... आणि चहा मागवला.

दोडामार्गचा बाबली तो. त्या दिवसापासून त्याच्या ट्रकला आमच्या दारातच तहान लागायची. चहा पिरेसमध्ये ओतून फुंकत फुंकत प्यायचा, डोळे माझ्या सुईवर. मी म्हणायची, "लवकर प्या, मला पिरेस हवी." तो आणखी हळू प्यायचा.

पण घरात वेगळंच शिजत होतं. आमच्या बाबांनी साखळीच्या गोकुळदासचं स्थळ ठरवत आणलेलं. माणूस वाईट नव्हता, पण बघायला आला तेव्हा मला सोडून भिंतीवरचं घड्याळ बघत बसला. आणि आमच्या घरची रीत अशी, की मुलीने स्वतः शिवलेली गोधडी घेऊनच सासरी जायचं. गोधडी पुरी झाली की मुहूर्त. बाबा रोज येता-जाता विचारायचे, "देवकी, कितपत राहिलं?"

राहिली होती शेवटची ओळ. आणि हा बाबली — बोलायचा सगळं, बोलायचं तेवढं सोडून. एकदा मीच म्हटलं, "गोधडी संपत आली."

"चांगली झाली," म्हणाला.

"संपली की मी साखळीला जाणार."

त्याने पिरेस खाली ठेवली. "साखळी... लांब नाय तशी," एवढंच पुटपुटला नि ट्रककडे गेला.

आणि त्याच दिवशी पिरेस गायब! चोरली मेल्याने!

— "दुसरी बशी नव्हती, मावशे?"

होत्या की. पण ती पिरेस जुनी, तिच्या मापाची दुसरी नाही. केसभर फरक पडला तरी पाकळ्या जुळत नाहीत, गोधडी फुगते.

— "मग आधी कापलेला एखादा गोल ठेवून त्यावरून..."

सगळे दुमडून शिवले होते. एकही मोकळा नव्हता. तू फार प्रश्न विचारतेस.

तर गोधडी अडली, मुहूर्त अडला. आणि वर भाषेचं आंदोलन पेटलं. कोंकणी की मराठी, म्हणून जागोजाग रस्ते अडवलेले, ट्रक बंद. धूळ खाली बसली. मला मात्र बसवेना, उठवेना. रस्त्यावर काही वाजलं की मी दारात. सायकल असायची. चहा उतू जायचा, सुई बोटात जायची. आई म्हणायची, "पिरेससाठी एवढा जीव काढतेस?" मी म्हणायची, "हो, पिरेससाठीच!" बाबा डिचोलीच्या बाजारातून रोज नवी बशी आणायचे. एक जरी जुळली असती... देवा, मी प्रत्येक बशी मोजताना डोळे मिटून घ्यायची.

शेवटी रस्ते उघडले. पहिला ट्रक आला, थांबला नाही. दुसरा नाही. मग तो तांबडा, एक दिवा फुटलेला... थांबला. बाबली उतरला. धुतलेला सदरा, विंचरलेले केस. क्षणभर मी ओळखलंच नाही. सरळ बाबांसमोर गेला नि पिरेस पुढे धरली.

"मी चोरलेली," म्हणाला. "गोधडी पुरी होता नये म्हणान. आता तुमी माका मारा, नायतर तुमचां चेडू माका द्या."

बाबा पिरेसकडे बघतात, माझ्याकडे बघतात. मी बिचारी खाली मान घालून उभी. मला काय माहीत, हा माणूस माझ्यासाठी चोरी करेल! माझ्या तर ध्यानीमनी...

"खोटां! साफ खोटां!"

बघ, बाहेर बलकांवातल्या बाकावरून ओरडतायत तुझे काका. पेपर वाचतायत म्हणे!

"देवक्ये, तुझ्या बापाशीसमोर मी चोर झालंय, तां खरां. पण ती पिरेस माझ्या सीटखाली कोणी ठेयलेली गो? माका गावली तेव्हा तिच्यात पिवळो गोल होतो... चारी बाजूंनी पाकळ्यो दुमडलेलो!"