बुरुजाचा काळोखा जिना

"काकीला घरातलंच कोणीतरी मारणार हाय," हर्षला म्हणाली. बोलून झाल्यावर ती स्वतःच इतकी घाबरली, की उठून तिने ऑफिसचं दार लावून घेतलं.

दहिवलीत एका झेरॉक्सच्या दुकानावर निशिगंधा भोईर खासगी तपासाचं काम करते. तिच्या जोडीला भिवाजी, निवृत्त हवालदार. अंगाने दणकट, डोक्याने जरा सावकाश. हे तो स्वतःच सांगतो, म्हणून लिहायला हरकत नाही.

"बस. पहिल्यापासून सांग," निशिगंधा म्हणाली.

काकी म्हणजे अंबूबाई, हर्षलाची चुलत सासू, वय अडुसष्ट. पोटी मूल नाही. हर्षलाचा नवरा हर्षद आणि त्याचा भाऊ कमलेश या आईविना पुतण्यांना तिनेच वाढवलं. नवरा मुंबई बंदरात हमाली करायचा. सुट्टीवर आला, की तिथल्या दगडी इमारतींची वर्णनं सांगायचा, एकदा दाखवीन म्हणायचा. तो गेला आणि मुंबई बघायची राहिली ती राहिलीच. शेवटी पंधरा दिवसांपूर्वी हर्षद, कमलेश आणि कमलेशची बायको ललिता तिला घेऊन गेले. गेटवे झालं, राजाबाई टॉवर झाला, म्युझियमचा घुमट झाला. परतताना बंदराकडच्या एका जुन्या किल्ल्याच्या बुरुजावर चढले. उतरताना काळोख्या जिन्यात काकी पडली.

"पाय घसरला असंल," भिवाजी म्हणाला.

"काल पहाटेपर्यंत मीबी तेच धरून होते. पाचला चहा ठेवायला उठले, तर काकीच्या खोलीतून घुसमटल्यासारखा आवाज. धावत गेले. उशी तिच्या तोंडावर होती, आणि मागचं दार उघडं."

"घरातले बाकीचे कुठे होते?"

हर्षला पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "झोपलेले," ती म्हणाली.

"काकी काय सांगते?"

"तिला त्या दिवसाचं काय आठवत नाय. डॉक्टर बोलले, आठवेल हळूहळू. पण कमलेश भावजी समोर आले की थरथरते. 'ह्याचं तोंड दिसतंय' बोलते. माझ्या नवऱ्याच्याच हातचं तेवढं जेवते."

भिवाजीने निशिगंधाकडे असं पाहिलं, की जणू केस संपली. निशिगंधा मात्र चप्पल घालत होती. काकीला आठवायला लागायच्या आत कोणाला तरी काम उरकायचं होतं. आज रात्रीसुद्धा उरकलं असतं.

घर खोपोली रस्त्यापासून आत, शेतांच्या कडेला. पुढे नवी स्लॅबची खोली, मागे जुनं कौलारू घर आणि त्यात धान्याचा माळा. अंबूबाई पुढच्या खोलीत कॉटवर पडून होती. डोक्याच्या मागच्या बाजूला नऊ टाके. तोंडावर ओरखडाही नव्हता. उजव्या हाताची तीन नखं मात्र मुळापर्यंत तुटलेली. तिने निशिगंधाचं मनगट धरलं आणि सोडेचना. "जाऊ नको गं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"त्या दिवशीचं लुगडं आहे?"

"माळ्यावर ठेवलंय. हल्लीहल्लीपर्यंत काकीच चढायची वर, दिवसातून पाच वेळा." हर्षला उभ्या शिडीवरून सरसर वर गेली आणि लुगडं काखेत धरून, शिडीकडे तोंड करून, अंगठ्याने पायरी चाचपत खाली आली. लुगड्याचा मागचा काठ पोटरीपाशी हातभर फाटला होता.

"वरून पाय दिला काठावर," भिवाजी कुजबुजला. "म्हणजे मागचाच माणूस."

आधी ललिताला बोलावलं. "सगळ्यात वर मी होते," ती म्हणाली. "माझ्याफुडं हे, ह्यांच्याफुडं काकी. हर्षद भाऊजी आधीच खाली गेलेले. मला ह्यांची पाठच दिसत होती."

"काकीशी काही वाकडं?"

"आमचं? मुंबईहून आल्यावर सोमवारी ती खालापूरला कचेरीत जाऊन जमिनीच्या मृत्युपत्रात ह्यांचंबी नाव घालणार होती. आधी नुसतं भाऊजींचं हाय. भाऊजींच्या देखतच सांगितलं तिने मला."

कमलेश दारातच उभा राहिला, काकीला दिसणार नाही असा. "काकी माझ्या दोन पायऱ्या खाली होती. मी मोबाईलची बत्ती धरलेली. एकदम तिचे डोळे फाटले, माझ्याकडेच बघत होती ती. मी हात दिला, बोटं निसटली."

त्याने पाठ वळवताच भिवाजीने निशिगंधाला कोपऱ्यात ओढलं. "सापडला! पुढून उतरणाऱ्या बाईचं तोंड मागच्याला कसं दिसलं? खोटं बोलतोय हा."

"दोघा भावांपैकी एक नक्की खोटं बोलणार," निशिगंधा म्हणाली. "दुसऱ्याचं ऐकू या."

हर्षदने पाण्याचे पेले आणून दिले. माणूस गोड होता. "मी खाली थांबून वर बघत होतो. काकी पदर सावरत, समोर बघत येत होती. मला बघून हसली. तेवढ्यात मागून हात आला…" त्याने डोळे पुसले. "सख्ख्या भावाबद्दल काय बोलू? तोंडावर पडली बिचारी."

"सोमवारी तिला खालापूरला जायचं होतं?"

"कशाला? मला ठाऊक नाय."

निशिगंधाने फोनवर पोलिसांशी दोन मिनिटं बोलून घेतलं. मग सगळ्यांना माळ्याखाली जमवलं.

"भिवाजी, वर जा आणि खाली या."

भिवाजी कुरकुरत चढला. उतरताना मात्र त्याने समोर तोंड करून पाऊल टाकलं, टाच घसरली, आणि तो वाशाला लोंबकळला. निमूट वळून, शिडीला तोंड करून तो खाली आला.

"हवालदार सरकारी क्वार्टरमध्ये वाढले," निशिगंधा म्हणाली. "या घरातली माणसं शिडीकडे तोंड करूनच उतरतात. उभा, काळोखा जिना बघून अंबूबाई कशी उतरली असेल?"

"तशीच उतरत होती की!" कमलेश चकित झाला. "हात वरच्या पायऱ्यांवर टेकून. हे काय सांगायचं असतंय व्हय?"

"म्हणूनच तुला तिचं तोंड दिसलं. मग हर्षद, खाली उभ्या असलेल्या तुला काय दिसलं असेल? फक्त पाठ. तुला मात्र तिचं हसणं दिसलं."

"काळोख होता… माझी चूक झाली असंल."

"चूक नाही. पुढे तोंड करून उतरली असं सांगितलं, की ढकलणारा आपोआप वरचा ठरतो, म्हणजे कमलेश. शहरातल्या कोणालाही ते पटलं असतं. भिवाजींनाही पटलं. पण तोंडावर पडलेल्या बाईचं तोंड शाबूत आणि टाके मागे. नखं तुटली, कारण ती दगडाला धरून होती आणि तिला खाली खेचलं जात होतं. मागचा काठ खालच्या माणसाच्या हाताशी होता. आणि तू तिथे एकटाच होतास. त्या सोमवारी ती खालापूरला पोचली असती, तर तुझी जमीन निम्मी झाली असती."

"पण काकी तर ह्यालाच घाबरते!" हर्षद ओरडला.

"पडताना तिने शेवटचं तोंड पाहिलं ते कमलेशचं. खेचणारा तिच्या पाठीशी होता, तो तिला दिसलाच नाही. पण कोणीतरी काठ धरला, एवढं आठवलं असतं तरी तू संपला असतास. म्हणून उशी."

हर्षला भिंतीला टेकली होती. ती कोणाकडेही न बघता बोलली, "काल पहाटे मी उठले, तेव्हा हे शेजारी नव्हते. मागच्या दाराने नळावर गेले असतील, असं मी मनाला सांगत होते. दुसऱ्या कोणी तरी माझा संशय खोटा हाय म्हणावं, म्हणून तुमच्याकडे आले."

हर्षद शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. "सगळं माझं होतं," तो म्हणाला. "तिनेच लिहून दिलं होतं."

पोलिसांची गाडी आली. हर्षदला पुढच्या खोलीतून नेताना अंबूबाई कॉटवर उठून बसली. टाक्यांची कळ तिच्या तोंडावर स्पष्ट दिसली, तरी तिने दोन्ही हात पुढे केले.

"माझ्या पोराला कुठं नेतात? हर्षद! मला ह्याच्यासंगं ठेवून जाऊ नको रं!"

कमलेश पेजेची वाटी घेऊन उंबऱ्यापाशी आला होता. तो तिथेच थांबला, वाटी खाली ठेवली आणि तिच्या नजरेआड अंगणात जाऊन बसला. हर्षलाने वाटी उचलली. पहिला घास पुढे केला, तर अंबूबाईने तोंड घट्ट मिटून घेतलं.

"तो आला की जेवीन," ती म्हणाली.