वानगीचा हात

धान्याची वानगी दाखवावी ती मूठभर. पोतं उघडलं की गिऱ्हाईक खोट काढतं, असं मोहनसिंगाचं मत. कापसाचा धंदा सोडून त्यानं फिरत्या टॉकीजचा तंबू घेतला, तरी अक्कल तीच. मंगरूळपिरात तंबू ओस गेला होता. कामरगावातही तसंच झालं, तर यंत्र विकून घरी बसायचं होतं.

म्हणून नव्या रहस्यपटाची जाहिरात त्यानं अशी योजली: ना डफडं, ना आरडाओरडा. बाजाराच्या दिवशी पडदे सोडलेली दमणी, म्हणजे छपराची बैलगाडी, गर्दीतून सावकाश न्यायची. फटीतून हिरव्या बांगड्यांचा हात बाहेर यावा, कागद द्यावा, आत जावा. हात कोणाचा, ते तंबूत येऊन पाहा!

हात होता रज्जाकचा. यंत्र चालवणारा, नाजूक मनगटाचा गडी.

"शेठ, बिरादरीत तोंड दाखवाले जागा नाही राह्यली."

"तोंड कायले दाखवतं? हातच दाखव!"

दमणी निघाली अन् भाजीवाल्यांची तोंडं मिटली. मोहनसिंग बैलांपुढं खुशीत चालत होता. दिवस कलला तसा मागून ओल्या हळदीचा वास येऊ लागला. त्यानं वळून पाहिलं. आता हात रिकामाच बाहेर आला होता, बांगड्यांवाचून, तळवा वर करून. वा रे पठ्ठ्या, त्याला वाटलं, ही शक्कल तर आपल्यालाही सुचली नसती.

तुळसाबाई नावाच्या म्हातारीनं पुढं होऊन तो हात धरला.

"चतुरे... कुठी होती व माय?"

"सोडा बाई, गडी हाय तो आमचा."

"गोंदण पाह्य ना, बापू. माही पोरगी... पटकीच्या साथीत गेली होती."

मनगटावर तुळशीचं गोंदण होतं.

"शेठ, चहा घ्या," मागून रज्जाक म्हणाला. "कागद सरले, मी तं कवाचाच उतरलो."

मोहनसिंगानं पडदा ओढला. गादीवर काढून ठेवलेल्या बांगड्या, बाकी काही नाही. म्हातारी मात्र मूठ तशीच मिटून, कोणाला सांभाळून न्यावं तशी, तंबूकडे चालू लागली होती.

त्या संध्याकाळी तंबू फुटेस्तोवर भरला. बायकांच्या बाजूला तुळसाबाईशेजारी तेवढी सतरंजी मोकळी. दारात एक लेकुरवाळी ताटकळत होती.

"जा ना बाई," मोहनसिंग म्हणाला, "थे जागा रिकामी हाय."

तिनं तिकडं पाहिलं. पदर पुढं ओढला.

"काहून थट्टा करता, दादा? बसली हाय ना थे... अन् तुमच्याकडंच पाहून राह्यली."